सोमवारचा स्ट्रायकर

स्पेनच्या क्लबला एकोणीस वर्षांचा स्ट्रायकर हवा होता आणि घानाचा खेळाडू याव होता चोवीसचा. म्हणून कोच अम्पोन्सांनी कुमासी शहरात कुणाला तरी गाठून त्याचा नवा जन्मदाखला करून आणला. यावच्या आईने मोबाइलवर त्या तारखेचा वार काढला आणि कपाळाला हात लावला.

“अहो कोच, हा तर सोमवार! हा गुरुवारी झाला म्हणून याचं नाव याव. सोमवारच्या पोराला कुणी याव म्हणतं का?”

“स्पेनवाल्यांना त्यातलं काय कळतंय?”

“त्यांना नाही कळणार. पण पासपोर्टवर शिक्का मारणारा आपल्यातलाच ना?”

तारीख स्पेनला कळवून झाली होती, तेव्हा कोचनी नाव बदललं. याव आता सोमवारचा कोजो झाला. चुकूनही कुणी याव म्हणायचं नाही, अशी सगळ्या टीमला ताकीद मिळाली.

शनिवारी स्पेनचा माणूस सामना बघायला आला. यावने अर्ध्या तासात दोन गोल ठोकले.

“कोजो, इकडे दे! ए कोजो, मागे बघ की!” टीमची पोरं घसा फोडून ओरडत होती. यावने एकदाही मान वळवली नाही. प्रेक्षकांत बसलेल्या आईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

सामना संपल्यावर स्पेनच्या माणसाने वहीत लिहिलं, “खेळ उत्तम. वयही बरोबर. फक्त ऐकू येत नाही.”