सुनेची मंजुरी

केकवर बदाम पेरलेले बघून माझं डोकंच फिरलं. सकाळी माझ्यासमोरच सूनबाईने गिऱ्हाइकाचा फोन घेतला होता: "मुलीला बदाम अजिबात नकोत, श्वास कोंडतो." सुनेने लगेच कॉम्प्युटरवर ऑर्डर बदललीही होती. मग भट्टीजवळच्या स्क्रीनवर, ऑर्डरीत अजून बदाम कसे? "आई, मी बदललेलं यांनी मंजूर केल्याशिवाय सेव्हच होत नाही," सून पुटपुटली. "मीच तसं बसवलंय," लेक ऐटीत म्हणाला. "तिच्या चुका नकोत." "आणि साहेब सकाळपासून कुठे उलथले होते? पोरीच्या जिवावर बेतलं असतं, दिवट्या!" केक मी कचऱ्यात उपडा केला. "तिने लिहिलेलं थेट सेव्ह होऊ दे." त्याने तोंड पाडून बटणं दाबली. "आता तुझं लिहिलेलं तिच्या मंजुरीला लाव." "आई, बेकरी मी चालवतो!" "बेकरी माझी आहे. गिऱ्हाइकाला लिही: केकला उशीर होईल, चूक माझी. सूनबाई, मंजूर कर."