टवाळभाऊ माइकवर

गाद्यांच्या कारखान्यात टवाळभाऊ शिलाई मशीनवर बसायचा आणि दिवसभर टोले हाणायचा. "गाद्या आपण शिवायच्या, झोप गिऱ्हाइकाची. आपल्या वाटणीला जांभई, तीही जेवणाच्या सुट्टीत." सगळे पोट धरून हसायचे.

एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "पुढच्या महिन्यात कारखाना बंद होतोय. मला काही धीर होत नाही, सगळ्यांना तूच सांग बाबा. तुझं बोलणं लोकांना आवडतं."

टवाळभाऊने माइक हातात घेतला आणि जसं होतं तसं सांगून टाकलं. अख्खा कारखाना खो खो हसला.

"अरे, खरंच सांगतोय रे," तो काकुळतीला येऊन म्हणाला, तर टाळ्याच पडल्या.


केबिनच्या काचेतून बघत मॅनेजरसाहेबांनी मालकांना फोन लावला, "साहेब, उगाच घाबरत होतो आपण. लोक फार समजूतदार आहेत."