बदली माणूस

"लच्छूभाऊ, घरी चाल. रुखमाबाई पहाटं गेली."

वारलू आलापल्लीच्या जंगलात सायकल ढकलत आला तेव्हा लच्छू, जंगलखात्याचा नाकेदार, तोडलेल्या सागावर सरकारी ठप्पा मारत होता. बायकोला ताप चढल्याचा निरोप परवाच आला होता. पण ठप्प्याचा हातोडा दुसऱ्या नाकेदाराच्या हाती दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा नियम होता, आणि बदली माणूस आला नव्हता. आज तो दुपारी आला. लच्छूनं त्याला हातोडा दिला. कुठवर ठप्पे झाले, कुठून राहिले, नाल्यापलीकडे पिलांवाली अस्वल आहे, सगळं सांगितलं. सही घेतली आणि निघाला.

अंगणात माणसं बसली होती. रुखमाला आंघोळ घालून बाहेर ठेवलं होतं. आत चार महिन्यांची पोर रडत होती. शेजारची भागीरथा कापसाची वात बकरीच्या दुधात बुडवून तिच्या ओठांना लावत होती. पोर तोंड फिरवत होती.

वारलू चुलतभाऊ. तो लच्छूच्या बाजूला सरकला, बिडी पुढे केली.

"माही साळी हाये, सोडचिठ्ठी झालेली. महिन्याभरानं तुया-तिचा पाट लावून टाकू. धान रोवते, मोहा वेचते, ढोरं पाह्यते. अन् तुयी पक्की नोकरी. तिले अजून का पाह्यजे?"

लच्छूनं बिडी घेतली नाही.

"झालं ते वाईटच झालं," वारलू म्हणाला. "पण रुखमाबाईले तसं काम तरी का होतं? घरीच तं राहे."

लच्छूला स्वतःचेच शब्द आठवले. शिरगणतीवाला आला होता तेव्हा, ह्याच अंगणात, बायको काय करते असं त्यानं विचारलं होतं. 'काई नाई, घरी राह्यते,' हे लच्छूनंच सांगितलं होतं. रुखमा तेव्हा सातव्या महिन्यात धान कांडत होती. तिनं ऐकलं होतं.

"तुया साळीले सुट्टी किती द्याची?" त्यानं विचारलं.

"कायची सुट्टी?"

"नोकरीच पाहून राह्यला ना तिच्यासाठी? धान, मोहा, ढोरं, अन् वरून ही पोर. ताप आला तं बदली कोण येईल?"

वारलू हसला. "बाईले कुठी बदली राह्यते, भाऊ?"

भिंतीशी बसलेले दोघंतिघंही हसले. मग मढ्याकडे पाहून गप्प झाले. लच्छूला त्यांची किळस आली. आपण काल इथं बसलो असतो तर आपणही हसलो असतो, हे त्याला कळत होतं, त्याची किळस जास्त आली.

भागीरथा पोरीला घेऊन दारात आली.

"लच्छूभाऊ, वात धरतच नाई हे. रुखमा हिले कोन्या कुशीवर घे? कोनतं गाणं म्हणून निजवे?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. लच्छूनं बराच वेळ आठवून पाहिलं.

"मले नाई मालूम," तो म्हणाला.

कोणीतरी म्हणालं, दिवस कलला, उचला आता. चौघं उठले. वारलूनं धोतर खोचलं.

पोरीनं पहाटेपासून दुधाचा एक थेंब घेतला नव्हता.