उखर्डू मास्तरांचा पियानो

मिरवणूक मारुतीच्या पारापाशी आली तेव्हा उखर्डू मास्तरांचा पियानो अगदी रंगात आला होता. खरं तर तो साधा कीबोर्ड, पण एरंडोलपासून चाळीसगावपर्यंत लोक त्याला पियानोच म्हणतात. नवरदेवाच्या घोडीपुढे पोरं फुफाटा उडवत नाचत होती. बँडच्या गाडीवर मास्तर मान डोलवत होते. त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते आणि त्यातला एकही वाजवत नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालता-बोलता येऊ लागलं, हात तेवढा परत आला नाही. या लग्नाची सुपारी मात्र आधीच घेतलेली, तीही ‘मास्तर असतील तरच’ या अटीवर. मग ऑक्टोपॅडवाल्या झुलालने मोबाइलवरून स्पीकरला लावायला जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग शोधून काढलं. पिंप्राळ्याच्या गणपतीत याच ग्रुपने तीन तास वाजवलं होतं, ते. अडचण एवढीच, की त्यातून एकट्या मास्तरांचा पियानो वेगळा काढता येईना. तेव्हा बाकीच्या पाचांनीही आपापल्या वायरी काढून ठेवल्या. एका हातासाठी सहा माणसं मुकी झाली. झुलाल तर काड्या नुसत्याच फिरवून घामाघूम झाला होता.

आजचं लग्न निभावलं तर हंगाम निभावेल, नाहीतर मास्तरांच्या जागी चाळीसगावचा माणूस येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांना सर्वांत जास्त.

तेवढ्यात नवरदेवाचे आजोबा, निंबा आबा, गर्दीतून वाट काढत गाडीवर चढले. काखेत टोपी-टॉवेल, हातात नारळ.

“मास्तर, मना पोरना लगीनले तुम्हीच वाजाडं, आते नातूना लगीनले बी तुम्हीच. मान घ्या.”

बँडवाल्यांची एक शिस्त असते. वडीलधारं माणूस मान घेऊन आलं की वाजवणं जागच्या जागी थांबवायचं. तीस वर्षांची सवय. झुलालने काड्या काखेत मारल्या आणि हात जोडले. बेंजोवाल्याने जोडले. पाचही जणांनी जोडले.

वाजणं मात्र चालूच राहिलं.

नाचणारी पोरं लगेच थांबली नाहीत. मग एकेक जण गाडीकडे बघू लागला. वर जोडलेले दहा हात, आणि स्पीकरमधून ऑक्टोपॅड, बेंजो, पियानो, सगळं जोरात. कुणीतरी फिसकन हसलं.

आबा कानांनी अधू. त्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी मास्तरांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि नारळ पुढे केला. मास्तरांनी डावा हात पुढे केला.

“डावा हात? मास्तर, मानना नारय शे हाऊ.”

आबांनी हसत हसत मास्तरांचा उजवा हात स्वतःच उचलला आणि त्यावर नारळ ठेवला. हात तसाच खाली गेला. नारळ कीबोर्डवर आदळला. चार-पाच पट्ट्या दाबल्या गेल्या, पण एकही सूर निघाला नाही.

आबांचं हसू मावळलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. शरमेने मास्तरांची मान खाली गेली. आबांनी तो हात पुन्हा उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

झुलाल मोबाइल बंद करायला झेपावला. मास्तरांनी मान हलवली.

“ऱ्हाऊ दे, झुलाल. व्हऊ दे पुरं.”

सगळे उभे राहिले. घोडीवरचा नवरदेवसुद्धा मागे वळून बघत होता. पियानोचा शेवटचा तुकडा आला. मास्तरांच्या ऐन उमेदीतली बोटं त्यात पळत होती, एकही चूक नव्हती. चाल संपली. गल्लीत कुणी हललं नाही. स्पीकरमध्ये मात्र शिट्ट्या पडल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पिंप्राळ्याची ती सगळी गर्दी एका आवाजात ओरडली, “मास्तर, वन्स मोर!”

स्पीकरमधल्या मास्तरांनी लोकांचं मन मोडलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.