पूर्वेचा काठ

सरकारी तलावाचा कुठला भाग माशांसाठी राखायचा, हे ठरवायला संशोधक मॅडम वर्षभर नावाड्याच्या होडीतून फिरल्या. लोखंडी चौकट तळाशी सोडायची, तिच्यात गवत किती आलं ते वहीत लिहायचं आणि पुढे जायचं. नावाड्याला हसू यायचं. एवढं शिकून बाई गवत मोजते! आमची शेळी बरी, निदान खाते तरी.

सुनावणीच्या दिवशी भिंतीवर नकाशा लागला आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. मासे जिथे गवतात अंडी घालतात तो अख्खा पूर्वेचा काठ कोरा! खाली लिहिलेलं, 'गवत आढळले नाही. गाळ उपसण्यास हरकत नाही.'

"अहो, कमरेइतकं गवत आहे तिथे!" तो भर सभेत ओरडला. "माझ्या आंधळ्या सासूलासुद्धा दिसेल. वर्षभर काय दिवे लावलेत?"

लोक खो खो हसले. त्याला आणखी चेव आला. "पुस्तकी किडे! यांना पाणी काय कळणार?"

मॅडमनी वही उघडली. "पूर्वेच्या काठाला आपण बारा वेळा गेलो, काका. बाराही वेळा मी म्हटलं, होडी अजून आत घ्या. तुमचं उत्तर इथे तारखेनिशी लिहिलंय. वाचू?"

मॅडमनी वाचून दाखवलं.

"'पुढे काही नाही मॅडम, नुसता चिखल आहे.'"

होडीच्या इंजिनाच्या पंख्यात गवत अडकलं की ते सोडवायला नावाड्यालाच छातीभर पाण्यात उतरावं लागतं. ते तेवढं वहीत नव्हतं.