सहा माणसांचा हात

बस गड्या, एक गंमत ऐकवतो. तीस वर्षं मी लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे केले, आणि गेल्या साली माझं रक्त तपासून डॉक्टर म्हणतो, "काका, आता तुमचेच पाइप तुंबतायत. वाईट कोलेस्टेरॉल एकशेनव्वद! असंच खाल्लंत तर अटॅक ठरलेला."

झालं, बायकोनं कंबर कसली. पण पोरी सासरी गेल्या तरी हिचा हात अजून सहा माणसांचाच! ढीगभर बटाटे तळायचे आणि माझ्या ताटात पडले की झडप घालून उचलायचे.

"अगं, एक तरी ठेव!"

"जीव प्यारा की जीभ?" असं म्हणायची, आणि अन्न टाकवत नाही म्हणून उचललेलं आपल्याच तोंडात घालायची.

परवा दोघांनी रक्त तपासायला दिलं. माझं आलं एकशेदहा! मी दवाखान्यात नाचायचाच बाकी होतो. मग डॉक्टरनं हिचा कागद उघडला. एकशेनव्वद.

"काकू, आता तुमच्या ताटावर काका लक्ष ठेवतील."

"लक्ष कसलं ठेवतात? खातील!" ही म्हणाली.

खरंय की! टाकवत मलाही नाही. घरापर्यंत पोट धरधरून हसलो बघ. पण मग जिन्यात ती थांबली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आता कसं हो करायचं?"

म्हणून तुझ्याकडे आलो. तुझं रक्त चांगलं निघालंय ना? मग उद्यापासून रोज दुपारी जेवायला ये. आणि येताना आणखी तिघांना आण.