लाकडी मूठ

चौथी गोळी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. कागदाला लागली नाही, मागच्या खडीच्या ढिगातही धूळ उडाली नाही. व्हर्नाला एवढंच कळलं, की अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी आता फाटली.

पाचवी. बाहेर.

सहावी. बार व्हायच्या आधीच डोळे मिटले. बाहेर.

"सहापैकी एक," बॉइडने तक्त्यावर टिपलं. मासेमारी खात्याच्या हत्यारांची परीक्षा तो अठरा वर्षं घेत होता. "पोरी, तुझ्यात खोट नाही. चव्वेचाळीसची मॅग्नम आहे ही. बायकांच्या मनगटाचं काम नव्हे. तू आपली कॅनरीत जा, मासे डब्यात भरायला. तिथे सामन मासे मेलेलेच येतात, आणि अस्वलं येतच नाहीत."

मागे बाकावरचे चौघे हसले.

व्हर्ना हसली नाही. ज्या ओढ्यावर तिच्या आजोबांनी जन्मभर मासे धुरावर वाळवले, त्याच ओढ्यावर उन्हाळाभर सामन मोजायचं काम निघालं होतं. कोडियाक बेटावर ओढा म्हणजे अस्वलांची वाट. म्हणून कमरेला रिव्हॉल्व्हर हवं, आणि त्यासाठी आधी इथे पास व्हायला हवं. पंधरा सेकंद, सहा गोळ्या, पाच कागदात. संधी दोनच. एक आत्ता गेली. दुसरी जेवणानंतर.

मग बाकावरच्या क्लिफची पाळी आली. त्याने तेच रिव्हॉल्व्हर घेतलं. एका खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, मुठीचा एकुलता एक स्क्रू सोडला, लाकडाच्या दोन्ही फाका उतरवल्या. दुसऱ्या खिशातून जाड काळी रबरी मूठ काढून चढवली.

सहापैकी सहा.

मग रबर परत खिशात, लाकूड परत जागेवर. नाक शिंकरून रुमाल ठेवावा तसं.

"हे चालतं?" व्हर्नाचा आवाज चढला.

"सगळेच आणतात," क्लिफ म्हणाला. "लाकडात मागचं लोखंड उघडं राहतं ना. बार झाला की तेच हातात घुसतं. रबर ते झाकतं. माझ्या बापाने मी बारा वर्षांचा असताना सांगितलं होतं. तुला नाही सांगितलं कुणी?"

"मला?" ती बॉइडकडे वळली. "मागच्या वर्षी माझी मावसबहीण नापास झाली. तिच्या आधी ती शाळेतली फिलिपिनो बाई. त्यांनाही तुम्ही मनगटाचंच सांगितलंत ना?"

"त्यांनी विचारलं नाही."

"काय विचारायचं हेच ठाऊक नसेल तर काय विचारणार, कपाळ?"

क्लिफ मनाचा मोकळा. त्याने रबरी मूठ तिच्या हातात ठेवली. तिने ती चढवून रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर पंजा बसवून पाहिला. बोट जेमतेम चापाला टेकत होतं. नीट टेकवायचं तर पंजा बाजूला फिरवावा लागे, म्हणजे सगळा दणका अंगठ्याच्या सांध्यावर.

"ही तुझ्या पंजाची," ती म्हणाली आणि परत केली.

जेवायच्या सुट्टीत बाकीच्यांनी डबे उघडले. व्हर्नाने बूट काढला. मासेमारीचा, गुडघ्यापर्यंतचा, तपकिरी रबराचा. सुरी घेतली आणि वरच्या कडेची वीतभर पट्टी सरळ कापून काढली.

"अगं, चांगला बूट!" क्लिफ ओरडला. "डोकं फिरलं का तुझं?"

"हो. सकाळीच."

तिच्या घरी मासे चिरायच्या सुऱ्यांना अशीच मूठ बांधत. दिवसभर नुसतं लाकूड धरलं तर संध्याकाळी हात हातात राहत नाही. खाली रबर, वर डांबर लावलेली जाळ्याची सुतळी. तिने पट्टी मागच्या लोखंडावर जाड बसवली, पुढच्या बाजूला बोट पोचेल इतकी पातळ तासली. सुतळीचे वेढे दातांनी ओढून आवळले. जेवण संपताच ती पुन्हा उभी राहिली.

एक. दणका आला, पण तळहातभर पसरून आला.

दोन. तीन. डोळे उघडे.

चार पाच सहा.

क्लिफ कागदाकडे धावत गेला आणि तिथूनच सहा बोटं दाखवली.

"छान," बॉइड म्हणाला. "पण हा निकाल धरता येणार नाही. हत्यार जसं दिलं तसंच चालवायचं. नियमात लिहिलंय."

"आणि क्लिफचं रबर?"

"ते कारखान्यातलं आहे."

"माझा बूट काय झाडाला लागला होता?"

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.   व्हर्नाने सुतळी कापली, रबर ओढून काढलं, उघड्या लाकडाचं रिव्हॉल्व्हर बॉइडसमोर टेबलावर ठेवलं. शेजारी सहा गोळ्या उभ्या केल्या.

"मग दाखवा. जसं दिलं तसंच. पाच लागल्या तर मी आत्ता कॅनरीची वाट धरते. अठरा वर्षं आमची मनगटं बघितलीत, आज आम्हाला तुमचं बघू द्या."

"उडव की, बॉइड," क्लिफ म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

बॉइडने रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं. उचललं नाही.  मग त्याने तक्ता ओढला आणि डाव्या हाताने, सावकाश, तिच्या नावापुढे 'पास' लिहिलं.

पासचा कागद देताना तो तिच्यापुरताच बोलला.

"लाकडी मुठी बदला, असं मी वर कळवणारच होतो. पण मग माझी नोकरी गेली असती. त्यांनी आधी हेच विचारलं असतं, बॉइड, तुझा उजवा अंगठा कधीपासून वाकत नाही?"